मंगळावरचं तळं आणि आमचं

चैत्र लागला की आमच्या घरात दोन पाहुणे न बोलावता येतात. एक लाल मुंग्या आणि दुसरे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुंग्यांना हळदीची रेघ ओढून दाराबाहेर काढता येतं. गठ्ठ्यांचं तसं नाही. ते खाटेखाली, शिलाई मशीनवर, तांदळाच्या डब्यावर बस्तान मांडतात आणि शेवटचा पेपर तपासून होईपर्यंत मलाच घरात उपऱ्यासारखं वागवतात.

यंदा नववीच्या पेपरात मी हौसेनं एक प्रश्न घातला होता. 'मंगळावर एके काळी तळी होती, असे शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात?' वर्गात दोन तास घसा कोरडा करून शिकवलं होतं, मोबाइलवर चित्रं दाखवली होती. वाटलं, पोरं भरभरून लिहितील. एकानं लिहिलं, 'फोटोवरून.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ते फार शिकलेले असतात म्हणून.' आणि एका मुलीनं, अक्षर अगदी मोत्यासारखं, खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, 'मंगळावर पूर्वी पाणी होते, कारण आता नाही.'

लाल पेन हातात घेऊन मी ते वाक्य पुन्हा वाचलं. शून्य द्यायला हात होईना. आमच्या आष्टी तालुक्यात हा पुरावा कुठल्याही पारावर चालतो. कोरडी विहीर, कोरडा ओढा, कोरडा हापसा, कशाकडंही बोट दाखवून म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो म्हणणार, इथं लई पाणी होतं. मी त्या पोरीला अर्धा गुण दिला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या परसात चिंचा झोडणं चाललं होतं. काठीचा आवाज, मग चिंचांचा सडा पडल्याचा आवाज, मग कुणाची तरी शिवी. आंबूस वास घरात शिरला आणि मला तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात माझ्यावर आमच्या गावचं तळं सिद्ध करायची वेळ आली होती.

माझं माहेर सिरसाळ्याचं. लग्न होऊन कडा गावाच्या आतल्या अंगाला असलेल्या या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात थोरल्या जावेनं, शिवकन्याताईंनी, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "तळ्यापल्याड मारुती हाय. तेवढं फोडून ये." मी नवी नवरी, पदर सावरत निघाले. वाटेत बाभळी लागल्या, शेळ्या लागल्या, पत्ते खेळणारी चार माणसं लागली, मारुतीही लागला. नारळ फोडून परत आले आणि म्हणाले, "ताई, देऊळ सापडलं, पण तळं काही दिसलं नाही." ताई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच्यातूनच चालत आलीस की."

म्हणजे आमच्याकडं तळं होतं ते असं. गावाच्या उगवतीला एक खोलगट, विस्तीर्ण जागा, आणि तिच्याविषयी गावाचं बोलणं मात्र सगळं पाण्यातलं. 'काठावरच्या रानात जाऊन येतो,' असं म्हणत माणूस धुळीतून जायचा. मधोमध एक वाळकी बाभूळ होती, तिला 'पाण्यातली बाभूळ' म्हणायचे. एकदा ताईंनी तिथं शेळी बांधली तर, "लई आत नेऊ नको तिला," असं शेजारणीनं बजावलेलं मी स्वतः ऐकलं आहे. गावातली माणसं खोटारडी नव्हेत, पण थोडी वाढवून सांगणारी आहेत, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं. त्यामुळं या तळ्यालाही मी त्याच खात्यात टाकलं होतं. पावसाळ्यात चार दिवस डबकं साचत असेल, आणि त्याचं यांनी तळं केलं असेल, असं माझं खासगी मत होतं. सासरी खासगी मत खासगीच ठेवावं लागतं.

तळं गेलं कुठं, याची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. वरच्या माळावरची माती दर पावसात वाहून आली आणि तळं गाळानं भरलं. पाणी थांबेना. पाणी थांबत नाही म्हटल्यावर बांधाचा उपयोग काय, असा विचार करून गावानं हळूहळू बांध उचलला. मुरूम घरांच्या जोत्यांत गेला, दगड गोठ्यांत गेले. आमच्या घराच्या तीन पायऱ्या इतक्या सुबक कशा, याचा उलगडा मला लग्नानंतर चार वर्षांनी झाला. सगळ्या गावानं मिळून एक सरकारी बांध घरी नेला होता आणि त्याविषयी सगळ्या गावाला काहीही माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तालुक्यात तळ्यांचा गाळ काढायचं काम निघालं. मोठं पोकलेन मशीन येणार, गाळ उपसून शेतात टाकायला देणार, निघालेल्या मुरमाचा बांध घालून देणार. मिरगाच्या आत एका तळ्याचं काम उरकेल इतकाच वेळ होता आणि मागणारी गावं पुष्कळ होती. ताई तेव्हा सरपंच झालेल्या. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की कागदोपत्री तुमच्या गावात तळं नाही, त्या जागी 'पडीक' अशी नोंद आहे. तरी इंजिनिअर साहेब येत्या गुरुवारी जागा पाहतील आणि ती तळ्याची आहे अशी खात्री पटली तरच विचार होईल. खात्री पटली नाही तर मशीन पुढच्या गावाला.

ताईंनी ते पत्र मला वाचायला दिलं. टँकर तेव्हा दोन दिवसांआड यायचा. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती, ट्रॉल्यांवर वाकळा, कोंबड्या, पाटे-वरवंटे घेऊन. गाव भरलं होतं आणि टँकर मात्र पहिल्याएवढाच होता. पाण्याच्या रांगेत ताईंना बाया तोंडावर म्हणायच्या, "सरपंच झाली, पर घागर आमच्याच मागं हाय की गं." ताई हसायच्या. पण पत्र परत घेताना त्यांनी त्याची इतकी बारीक घडी घातली की मला कळलं, या बाईच्या मनाला हे किती लागलं आहे ते.

दुसऱ्या दिवशी ताईंचे यजमान, म्हणजे आमचे बंकटदादा, शाळेत आले. सरपंच ताई असल्या तरी बोलायचं काम दादांकडं होतं, ते त्यांनी स्वतःकडं ठेवून घेतलं होतं. खुर्चीत बसून म्हणाले, "तुमी म्हणं पोरांना मंगळावरचं तळं शिद्ध करून दिलं."

"मी नाही दादा, शास्त्रज्ञांनी."

"तेच ते. मंगळ किती लांब हाय?"

"कोट्यवधी किलोमीटर."

"आणि आपलं तळं हाय शाळेच्या मागं. मंग अवघड कावून असंल?"

खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला आयुष्यात एकदा तरी वाटतंच की आपलं ज्ञान कुणाच्या तरी उपयोगी पडावं. मी पुरावे गोळा करायला निघाले.

आणि गंमत म्हणजे पुरावे सापडायला लागले. मंगळावर फिरणाऱ्या गाडीनं जे जे पाहिलं, ते ते आमच्या खोलगटात होतं. मंगळावर खडकात बारीक बारीक थर आहेत, संथ पाण्यात गाळ बसत गेला की पडतात तसे. मी हातभर खड्डा खणून घेतला तर काळा थर, मग राखाडी, मग पुन्हा काळा. तिथं चिखल वाळून पडलेल्या भेगांची जाळी दगडात राहिली आहे. आमच्याकडं ती पायाखाली होती, एकेक भेग इतकी रुंद की चप्पल अडकावी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लाटांच्या सुरकुत्या. उथळ पाण्यावरून वारा गेला की तळाच्या चिखलावर ज्या समांतर रेघा उठतात, त्या मंगळाच्या दगडावर सापडल्या आहेत, तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या. आमच्या खोलगटात, मारुतीच्या अंगाला, वाळलेल्या गाळावर तशाच सुरकुत्या होत्या, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. कदाचित गेल्या पावसातल्या डबक्याच्या असतील. मी तो कदाचित मनातच ठेवला.

संध्याकाळी पारावर मी हे सगळं समजावून सांगितलं. पहिली हरकत दगडूआबांनी घेतली. दगडूआबा आमचे चुलत सासरे, आणि हरकत घेणं हा त्यांचा जोडधंदा. म्हणाले, "मंगळापायी माझ्या पुतणीचं लगीन तीन साल अडलं. त्या गिरावर तळं हाय म्हणता?"

"आता नाही आबा. पूर्वी होतं."

"मंग आटलं कावून?"

"हवा विरळ होत गेली. पाणी उडून गेलं, काही जमिनीत गोठलं."

आबांनी मान डोलावली. "म्हंजे तितं बी बोअर मारल्या असतील," ते म्हणाले, आणि पारावरच्या सगळ्यांना हे एकदम पटलं.

बुधवारी संध्याकाळी मी पांढरी फक्की घेतली, शाळेत मैदान आखायला असते ती, आणि जिथं जिथं पुरावा होता तिथं तिथं गोल आखले. भेगांभोवती एक, सुरकुत्यांभोवती एक, खड्ड्याभोवती एक. दादांना प्रत्येक गोल फिरून दाखवला. म्हटलं, "उद्या साहेबांना या तीन ठिकाणी आणायचं आहे. मी सकाळी परीक्षेच्या ड्युटीवर आहे. अकराला पोचते, तोवर तुम्ही बघा." दादा म्हणाले, "तुमी बिनघोर ऱ्हावा."

बिनघोर राहणं हीच माझी चूक झाली. मी सिरसाळ्याची, शिकलेली, आणि इतकी वर्षं या गावात राहून मला एवढं कळू नये? आमच्या गावात फक्कीचा एकच अर्थ आहे. जिथं फक्की पडते तिथं मोठा माणूस येणार असतो. आणि मोठा माणूस येणार म्हटलं की ती जागा त्याच्या पायाला लागू नये अशी करायची, ही आमच्याकडं रीतच आहे. लग्न असो, सप्ता असो, पुढारी असो, रीत मोडायची नाही.

पेपर गोळा करून, कडेला सह्या करून मी धावतपळत पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. आधी मला वाटलं मी चुकीच्या जागी आले. भेगा नव्हत्या. पहाटेपासून दादांनी ट्रॅक्टरला फळी लावून मधली सगळी जमीन सारखी केली होती, अगदी ओटा असावा तशी. जिथं सुरकुत्यांचा गोल होता तिथं मांडव होता, मांडवात सतरंजी, सतरंजीवर खुर्च्या. माझा खड्डा बुजवला होता, कारण साहेब त्यात पडले असते तर गावाची अब्रू गेली असती. दादांच्या बोअरचं मचूळ पाणी दोन बॅरल आणून बायांनी सडा टाकला होता, सड्यावर रांगोळी काढली होती, आणि रांगोळीत लिहिलं होतं, 'सुस्वागतम'.

"कसं काय वाटतंय?" दादांनी विचारलं. त्यांचा चेहरा अगदी प्रसन्न होता. मी सतरंजीचा एक कोपरा उचलून खाली पाहिलं. तीनशे कोटी वर्षं मंगळावर ज्या रेघा टिकल्या, त्या आमच्याकडं एका पाहुणचारात गेल्या.

इंजिनिअर साहेब वेळेवर आले. पोरगेलेसे, कोकणातले, नव्यानं नोकरीला लागलेले. त्यांच्या गावाकडं पाणी आलं की माणसं पळतात. आमच्याकडंही पळतात, पण पाण्याच्या दिशेनं. त्यांनी हार घेतला, नारळ घेतला, चहा घेतला आणि मग विचारलं, "तळं कुठे आहे?"

"तुमी बसलेत त्येच," दादा म्हणाले.

साहेबांनी पायाखाली पाहिलं. "इथे तर ओल दिसतेय."

"आत्ताच टाकली सायेब."

मी पुढं झाले. मंगळापासून सुरुवात केली. थर, भेगा, सुरकुत्या, सगळं सांगितलं, आणि हे सगळं काल संध्याकाळपर्यंत इथंही होतं, असंही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाले, "मॅडम, मंगळावर कुणाचा सातबारा नाही. इथे आधीच एक नोंद आहे, पडीक. ती खोडायला मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागेल. मला तर हे मैदान दिसतंय."

"मैदान बी लई भारी हाय सायेब," दादा उत्साहानं म्हणाले. "दर साली टेनिस बॉलचे सामने भरवतो आमी." ताई मांडवाच्या कडेला पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बरं, बांध कुठे होता?" साहेबांनी विचारलं. यावर जमलेला सगळा गाव एकदम आभाळाकडं बघायला लागला. आभाळात एक घार होती. ती सगळ्यांनी बराच वेळ पाहिली. मला आमच्या पायऱ्या आठवल्या आणि मीही घारीकडंच बघितलं.

मग साहेबांनी पाण्याची खोली विचारली. दगडूआबा म्हणाले, तीन पुरुष, म्हणजे हात वर केलेली तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. दुसरा कुणी म्हणाला दोन. दादा म्हणाले पाच, कारण मागायला बसल्यावर कमी कशाला मागायचं. साहेबांनी वहीत आकडा करून पाहिला. "पाच पुरुष पाणी असेल तर तो मारुती पाण्याखाली जातो."

"त्यो देव हाय," दगडूआबा म्हणाले. "त्याला काय होतंय."

साहेबांनी शेवटचा उपाय केला. म्हणाले, "ज्यांना आठवतंय त्यांनी जाऊन काठावर उभं राहा. पाणी कुठपर्यंत यायचं तेवढं मला दिसू दे." ही कल्पना उत्तम होती. मोठ्या उमेदीनं पुरुषमंडळी उठली आणि चहूबाजूंना गेली, आणि मी कपाळाला हात लावला. तळं आटल्यावर काठच्या प्रत्येकानं आपलं रान थोडं थोडं आत सरकवलेलं होतं. त्यामुळं ज्याचा त्याचा काठ नेमका ज्याचं त्याचं रान सोडून वळत होता. दगडूआबांच्या शेताशी आल्यावर पाणी आदबीनं मागं फिरत होतं आणि समोरच्याच्या शेतात घुसत होतं. समोरचा म्हणत होता, "आबा, तितं गुडघ्याएवढं तरी पाणी व्हतंच की." आबा म्हणत होते, "गप ऱ्हा, तू तवा पाळण्यात व्हतास." साहेबांनी सगळ्यांच्या जागा वहीत जोडून पाहिल्या. निघालेला आकार मी पाहिला आहे. तसलं तळं मंगळावरसुद्धा नसेल.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नव्हते, दमले होते. मांडवाच्या खांबाला टेकवलेली पिशवी त्यांनी खांद्याला लावली. मला एवढं वाईट वाटलं की सांगता येत नाही, आणि त्यातलं अर्धं वाईट स्वतःविषयी होतं. कारण आत कुठंतरी मलाही वाटत होतं की या माणसाचं बरोबर आहे. कोट्यवधी किलोमीटरवरच्या तळ्यावर मी एका फोटोवरून विश्वास ठेवला होता. घरच्या माणसांनी इतकी वर्षं सांगितलेल्या तळ्यावर मात्र ठेवला नव्हता.

तेव्हा ताई उठल्या. "थांबा सायेब," त्या म्हणाल्या. दादा काहीतरी बोलायला गेले, पण ताईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. त्या सडा टाकून बाजूला बसलेल्या बायांकडं वळल्या. "नवरात्राच्या वाकळा कुठं धुयाच्या गं तुमी? जावा, आपापल्या जागी हुभ्या ऱ्हावा."

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. वर्षभराच्या घामाच्या वाकळा, गोधड्या, पोरांची दुपटी, सगळं. पाऊस नुकताच सरत आलेला असतो, पाणी असेल तर तेव्हाच काठोकाठ असतं. आणि एकेका घराची धुण्याची जागा ठरलेली. ती सासूकडून सुनेकडं येते, दुसरीनं तिथं पाय ठेवला तर महिनाभर अबोला. हे मला ऐकून माहीत होतं. मी या गावात आल्यापासून तोवर नवरात्राचं धुणं घरच्या हौदावरच झालं होतं.

बाया उठल्या. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुणाकडं पाहिलं नाही. पदर खोचत त्या पांगल्या, आपल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशा. एक कडेच्या बाभळीपाशी थांबली, एक उकिरड्याच्या अलीकडं, एक चक्क दगडूआबांच्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. आबा ओरडले, "अगं माझा कांदा." ती म्हणाली, "मी काय करू? दगड हितंच व्हता." सोळा-सतरा बाया असतील. उन्हात त्यांच्या लुगड्यांचे रंग लांबवर दिसत होते, आणि त्या रंगांची एक लांबलचक, वळत गेलेली ओळ झाली होती.

साहेबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. गाडीतून तिपाई काढली, तिच्यावर पातळी मोजायची दुर्बीण बसवली आणि लाल-पांढरी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, एकेकीच्या पायाशी धरा." मी धरत गेले. ते दुर्बिणीतून बघून आकडे लिहीत गेले. चौथ्या-पाचव्या बाईपाशी त्यांनी मान वर करून मला पुन्हा पट्टी धरायला सांगितली. आठव्या बाईनंतर ते तिपाई सोडून माझ्याकडं चालत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सगळ्या एकाच पातळीत आहेत. वीतभराचासुद्धा फरक नाही."

थांबलेल्या पाण्याचा काठ सगळीकडं एकाच उंचीवर असतो. चढउताराच्या जमिनीवर अशी सपाट रेघ फक्त पाणीच ओढतं, म्हणून तर शास्त्रज्ञ दुसऱ्या ग्रहावर तसली रेघ शोधत बसतात. यातल्या एकाही बाईनं आयुष्यात पातळी मोजली नव्हती. त्या आपल्या दगडापाशी गेल्या होत्या, एवढंच. मी पट्टी धरून उभी होते आणि डोळे भरून आले होते, ते मी धुळीवर ढकललं.

शेवटी राहिल्या गयाकाकू. गयाकाकू म्हणजे दगडूआबांच्या मालकीण. वयानं सगळ्यांत थोरल्या, बोलणं मोजकं, कारण घरातलं सगळं बोलणं आबाच संपवायचे. त्या ओळीच्या टोकाला, जरा उताराला उभ्या होत्या. साहेबांनी आकडा घेतला, पुन्हा घेतला, आणि त्यांची भुवई वर गेली. वही घेऊन ते उतारावरून खाली गेले आणि काकूंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "मावशी, बाकीच्या सगळ्या जुळल्या. तुम्ही फूटभर खाली आहात. जरा नीट आठवून बघता?"

"तिला काय आठवतंय," वरून आबा म्हणाले. "काल चष्मा कुठं ठिवला ते आठवंना."

काकूंनी तिकडं लक्ष दिलं नाही. "मी खालीच," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात माणसं लई, वाकळा जड. काठावरून न्हाई निघायच्या. मी आत हुभी राहून धुयाची."

साहेब पेन उघडून लिहायला लागले आणि लिहिता लिहिता थांबले. काकूंनी डाव्या हातानं लुगडं पोटरीच्याही वर उचलून धरलं होतं. पायाशी फुफाटा होता, त्यात ट्रॅक्टरच्या चाकाचे वण होते.

"मावशी, लुगडं का उचललंय?"

"भिजंल की," काकू म्हणाल्या.

साहेबांनी काकूंकडं पाहिलं, मग खाली आपल्या बुटांकडं. ते काकूंच्याही पुढं, चार पावलं आत उभे होते. ते हळूच वळले, उतार चढून वर बायांच्या ओळीत आले, आणि मग काठावर उभं राहून त्यांनी वहीत लिहिलं, 'तलाव'.